खाचा नसलेल्या टायरचा माणूस

गेल्या जुलैमध्ये माझं कॉलरबोन मोडलं, हे हॉस्टेलवर बहुतेकांना माहीत आहे. कसं मोडलं ते मात्र घरी अजून खरं सांगितलेलं नाही. (हा अंक घरी पोचणार नाही, याची व्यवस्था केलेली आहे.) झालं असं की माझ्या एका मित्राच्या बाईकचं मागचं टायर पार गोटा झालं होतं. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारी जी खूण असते ती कधीच पुसली गेली होती. नवं टायर घे म्हणून मागे लागलो, तर त्याने मलाच लेक्चर दिलं. रेसच्या गाड्यांच्या टायरला कुठे नक्षी असते? खाच नाही म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकणार, जास्त रबर म्हणजे जास्त ग्रिप. मी मेकॅनिकलचा, तरी मान डोलावली आणि त्याच्या मागे बसलो. पाऊस भुरभुरत होता. कॉलेजच्या गेटच्या अलीकडच्या वळणावर त्याने जरासा ब्रेक दाबला आणि पुढचं मला नीट आठवत नाही.

तीन आठवडे हात गळ्यात अडकवून रूमवर पडून होतो. सबमिशन नाही, वर्कशॉप नाही, मेसचं जेवणसुद्धा पार्टनर वर आणून देत होता. त्या काळात मित्राचा मुद्दा नक्की कुठे चुकला हे शोधायचं खूळ डोक्यात शिरलं. वाचता वाचता मिकी थॉम्पसन नावाचा माणूस भेटला आणि टायर बाजूला राहून मी त्याच्याच मागे लागलो.

मिकीचं खरं नाव मॅरियन ली थॉम्पसन. जन्म ७ डिसेंबर १९२८, कॅलिफोर्नियातल्या अल्हाम्ब्रा गावी. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हा ऐन पोरवयात होता. जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात मिळत होत्या आणि लॉस एंजेलिसच्या आसपासची पोरं त्यांचे मडगार्ड उतरवून, इंजिनं खोलून त्यांना पळवत होती. कोरड्या पडलेल्या तळ्यांवर पळवायचे, आणि तिथवर जायचा कंटाळा आला की सरळ गावच्या रस्त्यावर. सिग्नल हिरवा झाला की दोन गाड्या सुसाट. त्यात माणसं मरायची, पोलीस मागे लागायचे. मिकी या सगळ्यांतलाच एक. रात्री लॉस एंजेलिस टाइम्सच्या छापखान्यात मशीनवर काम करायचं आणि दिवसा गाडीखाली झोपायचं, म्हणजे झोपून काम करायचं. इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे नव्हती. आपल्यापैकी ज्यांचे बॅकलॉग आहेत त्यांनी यावरून लगेच खूश होऊ नये, कारण हा माणूस पुढे जे करत गेला ते आपण थिअरीत शिकतो.

ड्रॅग रेस म्हणजे पाव मैल, साधारण ४०२ मीटर, सरळ रेषेत. वळण नाही, काही नाही. उभ्या गाडीतून कमीत कमी वेळात पलीकडे. प्रश्न एकच असतो, इंजिनची ताकद जमिनीला द्यायची कशी? त्या काळी गाडी सुटली की मागची चाकं जागच्या जागी फिरायची, धूर निघायचा आणि गाडी तिथेच. मिकीने १९५४ च्या सुमारास चालकाची सीटच उचलून मागच्या आसाच्या मागे नेली. वजन मागे गेलं, चाकं जमिनीवर दाबली गेली, घर्षण वाढलं. गलोलीत खडा बसावा तसा चालक दिसायचा, म्हणून त्या गाडीला स्लिंगशॉट नाव पडलं. ही कल्पना पहिल्यांदा आणण्याचं श्रेय साधारणपणे त्यालाच देतात. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला एक फ्री बॉडी डायग्राम, पण पुढची पंधराएक वर्षं अमेरिकेतल्या ड्रॅगस्टर गाड्या त्याच धर्तीवर बनत होत्या.

१९५५ साली लाँग बीचजवळ विल्मिंग्टन इथे लायन्स क्लबच्या मंडळींनी एक ड्रॅग स्ट्रिप सुरू केली. हेतू साधा होता. पोरं शर्यत लावणारच आहेत, तर ती रस्त्यावर नको, इथे लावा. पहिला मॅनेजर म्हणून मिकीला नेमलं. मला त्याच्या सगळ्या कामांत हे सर्वांत मोठं वाटतं, जरी त्याच्यावरच्या लेखांत याला दोन ओळी मिळतात. समुद्रसपाटीला असल्याने तिथली हवा दाट, इंजिनला ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे वेळा चांगल्या लागायच्या आणि पोरं आपणहून यायची. पुढे आवाजाच्या तक्रारी वाढल्या आणि १९७२ च्या डिसेंबरमध्ये ती स्ट्रिप बंद झाली.

आता ९ सप्टेंबर १९६० कडे येऊ. स्थळ युटा राज्यातलं बॉनव्हिल, मिठाचं पांढरं सपाट मैदान. जमिनीवरचा वेगाचा विक्रम तेव्हा इंग्लंडच्या जॉन कॉबच्या नावावर होता, १९४७ चा, ताशी ३९४ मैल. मिकीने चॅलेंजर नावाची गाडी बांधली होती. तीत पाँटिअ‍ॅकची इंजिनं, एक नाही, चार. दोन पुढची चाकं फिरवणार, दोन मागची. टायर गुडइयरने खास बनवून दिली होती. एवढ्या वेगात चाकावरचं रबर केंद्रोत्सारी बलाने उडून जाऊ पाहतं, त्यामुळे अशा टायरवर रबराचा थर अगदी पातळ ठेवतात. त्या दिवशी मिकी ताशी ४०६.६० मैलांनी गेला, म्हणजे सुमारे ६५४ किलोमीटर. चारशे मैल ओलांडणारा तो पहिला अमेरिकन. पण अधिकृत विक्रमाला एका तासाच्या आत उलट दिशेने दुसरी फेरी लागते आणि दोन्हींची सरासरी धरतात. परतीच्या फेरीत गाडीचं ट्रान्समिशनच्या बाजूचं काम मोडलं. झालं. जगातला त्या दिवसाचा सर्वांत वेगवान माणूस, आणि अधिकृत पुस्तकात नोंद नाही. व्हायवाला सगळं आलं आणि जर्नलवर सहीच राहिली, असा हा प्रकार.

पुढे तो इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीकडे वळला. १९६३ मध्ये त्याने लहान व्यासाची पण रुंद, बुटकी टायर लावून गाड्या आणल्या. लोक हसले, पण आज कुठल्याही स्पोर्ट्स कारचं टायर बघा, रुंद आणि बुटकंच आहे. १९६४ मध्ये मात्र त्याच्या गाडीतून पळणारा डेव्ह मॅक्डोनल्ड दुसऱ्याच फेरीत भिंतीवर आदळला. आग लागली, त्यात मॅक्डोनल्ड आणि मागून येणारा एडी सॅक्स दोघेही गेले. मिकीचं चरित्र सांगताना हे वगळून चालणार नाही.

त्याच्या नावाची टायर कंपनी १९६३ ची. आता माझ्या मित्राच्या लेक्चरला उत्तर. ड्रॅग स्लिक गुळगुळीत असतं हे खरं, पण त्याचा जीव गुळगुळीतपणात नसतो. रबर अतिशय मऊ असतं. शर्यतीआधी चाक जागेवर फिरवून धूर काढतात तो शोसाठी नाही, रबर तापून चिकट व्हावं म्हणून. हवा इतकी कमी भरतात की आपला पंपवाला वेड्यात काढेल. साध्या कारमध्ये तीसच्या वर पीएसआय असते, तिथे पंधराच्याही खाली. गाडी सुटताना रिम आधी फिरते आणि टायरची बाजू चुणीदार होते, पिळलेल्या स्प्रिंगसारखी, मग ती हळूहळू सुटत गाडीला ढकलते. हे सगळं कोरड्या, झाडलेल्या, सरळ पट्ट्यावर. तेच स्लिक रस्त्यावर आणलं तर ते थंड असतं, वळणावर त्याची मऊ बाजू डुलते, खडे उचलतं आणि थोड्याच दिवसांत झिजून संपतं. आणि पाऊस आला की पाण्याला निघून जायला वाटच नाही, रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी बसतं. म्हणून मिकीच्या कंपनीने निखळ स्लिक फक्त शर्यतीसाठी ठेवलं आणि रस्त्यावरून स्ट्रिपपर्यंत जाणाऱ्यांसाठी थोड्या खाचांचं वेगळं टायर काढलं. तेसुद्धा पावसात जपूनच वापरायचं.

आणि आमचं टायर? ते तर स्लिकही नव्हतं. रस्त्यासाठी केलेलं टणक रबर, वर्षानुवर्षं उन्हात आणखी टणक झालेलं, वरून खाचा गेलेल्या. दोन्हींतलं वाईट तेवढं एकत्र. मित्राला हे समजावलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग माझी मेसची थाळी त्यानेच नेऊन ठेवली.

मिकीचा शेवट वाचून मात्र मी सुन्न झालो. एवढ्या वेगातून, अपघातांतून वाचलेला माणूस १६ मार्च १९८८ च्या सकाळी ब्रॅडबरीतल्या स्वतःच्या घराबाहेर, बायको ट्रूडीसोबत कामावर निघताना, गोळ्या घालून मारला गेला. मारेकरी दोन होते आणि ते सायकलवरून पळाले. ते कधीच सापडले नाहीत. त्याचा पूर्वीचा धंद्यातला भागीदार मायकेल गुडविन याला हा खून घडवून आणल्याबद्दल २००७ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. मध्ये एकोणीस वर्षं गेली होती.

१९६८ साली मिकीने चॅलेंजर २ नावाची दुसरी गाडी बांधली होती. ती विक्रम न करताच पडून राहिली. त्याचा मुलगा डॅनी याने ती बाहेर काढली, नव्याने बांधली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच बॉनव्हिलच्या मिठावर नेली. सरासरी ताशी ४४८.७५७ मैल. या वेळी गाडी परतीच्या फेरीतही पोचली.