पाठीवर टकटक, आणि तिच्यामागचा पामर

चौलच्या वाड्यांतून वाकून सुपारी वेचणाऱ्या, कंबर धरलेल्या बायका मला विचारतात, पाठीवर यंत्राने टकटक करून दुखणं जातं का हो ताई? मूळ ही कायरोप्रॅक्टिक विद्या डॅनियल पामरची. १८४५ साली कॅनडात जन्मलेल्या या गृहस्थाने अमेरिकेत मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवलं. डॉक्टर नव्हेच! १८९५ साली डेव्हनपोर्टला एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबून ऐकू आल्याचा दावा केला. १८९७ मध्ये शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याविना उपचार केले म्हणून तुरुंगात गेला. १९१३ साली वारला. तो हातानेच दाबायचा, यंत्रं पुढे आली. बहुतेक आजार मणक्यातून येतात हे त्याचं म्हणणं टिकलं नाही. कंबरदुखीला मात्र काहींना थोडा उतार पडतो. पण हाडं ठिसूळ असतील, पायांना मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.