कोल्हापूरची ती पत्रं आणि संपादक आगरकर

गोपाळ गणेश आगरकर म्हटलं की समाजसुधारक, बुद्धिवादी, टिळकांचे आधी मित्र आणि मग विरोधक, एवढं शाळेत शिकवलेलं असतं. पण ते आधी संपादक होते. आणि संपादक म्हणून पहिल्याच वर्षात त्यांनी जी ठेच खाल्ली, ती आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानापायी.

जन्म १४ जुलै १८५६, कराडजवळच्या टेंभू गावी. घरची परिस्थिती अगदी बेताची. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला असं फिरत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. टिळकांशी गाठ तिथलीच. एम.ए. झाल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. मुलगा शिकला, आता चार पैसे येतील, ही आईची आशा. आगरकरांनी आईला पत्र लिहून स्पष्ट कळवलं की मोठ्या पगाराची वाट पाहू नये, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवणार. मग चिपळूणकर आणि टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते दाखल झाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' सुरू झाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, वय पंचविशीच्या आत.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. आधीचे राजाराम महाराज १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला वारले, त्यानंतर दत्तक आलेले. महाराजांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सरकार म्हणत होतं. लोकांत मात्र कुजबुज वेगळी होती. त्यांचा मुद्दाम छळ होतोय आणि दिवाण माधवराव बर्वे त्यात सामील आहेत, असं बोललं जाई. या बोलण्याला पुरावा म्हणून बर्व्यांच्या नावची काही पत्रं पुण्यात आली. दोन्ही पत्रांनी प्रकरण लावून धरलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात ती पत्रं बनावट ठरली.

इथे जरा थांबायला हवं. आगरकर-टिळकांनी पैशासाठी किंवा कुणाचा सूड म्हणून हे छापलं नव्हतं. एका असहाय राजाची त्यांना खरोखर कणव होती. पण कणव असली की हातात आलेला कागद खरा वाटू लागतो. जमाखर्चात नोंद बरोबर आणि पावती खोटी, तर हिशेब तपासणारा ती नोंद मानत नाही. कोर्टानेही तेच केलं. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झालीच. खटला चालू असताना जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला होता, ही गोष्ट पुण्याच्या त्या काळच्या तटबंद्या पाहता विशेषच.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघं एकत्र होते. वजनं घटली, पण वाद काही थांबले नाहीत. देश आधी की समाज आधी, याच्यावर रात्र-रात्र चर्चा. तिथेच आगरकरांनी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर हातात घेतलं, तेच 'विकारविलसित'. १०१ दिवसांनी, ऑक्टोबरअखेर सुटका झाली तेव्हा लोकांनी मिरवणूक काढली. तुरुंगातल्या दिवसांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

आणि शिवाजी महाराज? डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. म्हणजे काळजी अनाठायी नव्हती, खोटे होते ते कागद.

पुढे 'केसरी'तच दुसरा पेच आला. पत्र सगळ्यांच्या मालकीचं, पण अग्रलेख कुणाच्या मताचा? संमतिवय, विधवांचं केशवपन, बालविवाह या विषयांवर आगरकरांची मतं सहकाऱ्यांना पचत नव्हती. दुसऱ्यांच्या मताला आपलं नाव द्यायचं नाही आणि आपलं मत गिळायचंही नाही, असं म्हटल्यावर उरतं काय? १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं. पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. मराठी बाजू स्वतःकडे, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला 'केसरी'चा विरोध, तर 'सुधारक'चा पाठिंबा. वर्गणीदार दुखावतील म्हणून आगरकरांनी शब्द सौम्य केले नाहीत. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा काढली. ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही माणूस दुसऱ्या दिवशी लिहायला बसतो, हे सोपं नाही. घरी पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, देवधर्म पाळणाऱ्या. त्यांच्यावर आगरकरांनी आपली मतं लादली नाहीत.

वामन शिवराम आपटे गेल्यावर १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर मात्र पोखरलं होतं. १७ जून १८९५ रोजी, चाळिशी गाठण्याआधीच ते गेले. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवले होते, असं सांगतात.

'केसरी'त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला.