स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३)

करकंबच्या मातीखालील काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला, हे आपण जाणता. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले धर्मोपदेशक हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले, मराठी शिकले आणि तेथे त्यांनी शाळा काढली. नागपूरजवळील टाकळी येथे १८५१ मध्ये त्यांना व सहकारी हंटर यांना अशाच थरांमधील गाळात गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म आढळले. दोन उद्रेकांच्या दरम्यान येथे तळी होती व जीवसृष्टी नांदत होती, असा याचा अर्थ. हिरवट कॅल्साइटचा हिस्लोपाइट हा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. गोंडांविषयीची त्यांची अपुरी टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. पाषाण आणि माणसे दोन्ही समजून घेणारी ही दृष्टी आपण ध्यानी घ्यावी.