सर हंफ्री डेव्ही आणि तांब्याचें कवच

वाचकहो, खाणींतील सुरक्षित दिव्यामुळें डेव्हीचें नांव तुम्हांस ठाऊक असेलच. परंतु त्याच्या चरित्रांतील एक अपयश आम्हांस त्या दिव्याहून अधिक विचारार्ह वाटतें.

हंफ्री डेव्हीचा जन्म इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांत पेन्झन्स गांवीं १७ डिसेंबर १७७८ रोजीं झाला. बाप लांकडावर नक्षीकाम करी. तो १७९४ सालीं वारल्यावर मुलगा एका शस्त्रवैद्याच्या हाताखालीं उमेदवारीस राहिला. रसायनशास्त्राच्या ओढीनें तो ब्रिस्टलला व तेथून १८०१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें गेला. विजेच्या साह्यानें त्यानें १८०७ सालीं पोटॅशियम व सोडियम हीं मूलद्रव्यें प्रथमच वेगळीं केलीं. १८२० सालीं तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

त्या काळीं लढाऊ जहाजांच्या लांकडी तळाला किडा लागूं नये म्हणून तांब्याचे पत्रे ठोकीत. पण समुद्राचें पाणी ते पत्रे खाऊन टाकी. नौदलानें डेव्हीस उपाय विचारला. भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस चिकटून असले म्हणजे सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो, आणि त्यांतील एकच झिजतो, हें तो जाणून होता. त्यानें तांब्यास जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. वाटाण्याएवढें जस्त चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्यास पुरतें, असें त्यास आढळलें. १८२४ सालीं त्यानें हें रॉयल सोसायटीपुढें मांडलें, व जहाजांवर तसे तुकडे बसूं लागले.

तांबें खरोखरच वाचलें, आणि तेथेंच घात झाला! झिजणाऱ्या तांब्याचे क्षार विषारी असतात. त्यांच्यामुळेंच शेवाळ व शिंपले तळास चिकटत नसत. झीज थांबतांच ते दाट माजले व जहाजें मंदावलीं. १८२५ सालीं चालत्या जहाजांवरील तुकडे काढण्याची आज्ञा झाली. अशा कीर्तिमान् पुरुषाची मग जी टवाळी झाली, ती आमच्या मतें अन्यायाची होती. शास्त्र चुकलें नव्हतें, शिंपल्यांचा हिशेब तेवढा राहिला होता. प्रकृति खालावून तो २९ मे १८२९ रोजीं जिनिव्हा येथें वारला.

त्याचा नियम मात्र आज आपल्या पायांखालीं आहे. विजेची गळती भूमींत सोडण्यासाठीं जी अर्थिंगची तार पुरतात, ती पुष्कळदां पोलादाची असून तिच्यावर तांब्याचें कवच असतें; पोलादानें बळकटी येते, तांब्यानें वाहकता. कवच अखंड असेल तर ती वर्षानुवर्षें टिकते. पण तें कोठें खरचटलें, किंवा तोडलेलें टोंक ओल्या मातींत उघडें राहिलें, कीं डेव्हीचाच प्रयोग उलट्या हेतूनें सुरू होतो: चिमूटभर उघडें लोखंड भोंवतालच्या पुष्कळ तांब्यास राखीत स्वतः वेगानें गंजतें. वरून तार धड दिसते. आंतून गाभा पोकळ झालेला असतो. म्हणून जाणता कारागीर टोंकाशीं ओल पोंचूं देत नाहीं.