विश्लेषण : 'गर्दुल्ल्यां'ना रुग्ण मानणाऱ्या डॉ. अनिता अवचट कोण होत्या? एमडीच्या काळात त्यांची पद्धत का महत्त्वाची?

सोलापूर : मोहोळ तालुक्यातील चिंचोळी एमआयडीसीत ऑक्टोबर २०२३ मध्ये मेफेड्रोन, म्हणजेच एमडी बनवणारा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला. अशा कारवाईनंतर किती किलो माल, किती कोटी किंमत, किती अटकेत याची चर्चा होते. एमडीच्या आहारी गेलेल्या मुलाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्याच्या घरच्यांपुरता उरतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी पुण्यातील एका मनोविकारतज्ज्ञाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता.

कोण होत्या डॉ. अनिता अवचट?

त्यांचे मूळ नाव सुनंदा. पती अनिल अवचट हेही डॉक्टर, पण त्यांनी डॉक्टरी सोडून लेखन आणि सामाजिक कामाची वाट धरली. घर चालले ते डॉ. अनिता यांच्या पगारावर. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या नोकरीला होत्या. पुढे अनिल अवचट यांचे नाव घरोघरी पोहोचले, मात्र मुक्तांगणची उपचारपद्धती घडवण्याचे मोठे श्रेय डॉ. अनिता यांचे आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

'गर्द'ने काय केले होते?

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे 'गर्द' पसरली. हे हेरॉइनचेच भेसळयुक्त रूप. कागदी चांदीवर पूड तापवून धूर ओढायचा. काही दिवसांतच शरीराला तिची इतकी सवय होते की ती मिळाली नाही तर अंग ठणकते, नाक-डोळे गळतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. याला व्यसनींच्या भाषेत 'टर्की' म्हणतात. टर्की नको म्हणून पुन्हा गर्द आणि गर्दसाठी घरात चोरी, असे हे चक्र.

अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी देणगी देऊ केली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी देशात एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कडक कायदा आला होता. वातावरण शिक्षेचे असताना हे केंद्र उभे राहिले, हे लक्षात घ्यायला हवे.

त्यांची पद्धत वेगळी कशी?

टर्कीसाठी औषधे हवीतच, पण तो त्रास साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतो. खरे काम त्यानंतर सुरू होते, हे डॉ. अनिता यांनी ओळखले. म्हणून मुक्काम पाच आठवड्यांचा. योगासने, गटचर्चा, समुपदेशन, ठरलेली कामे. मारहाण, अपमान नाही. दाखल झालेल्याला 'रुग्णमित्र' म्हणायचे. व्यसन सुटलेल्यांनाच कार्यकर्ते म्हणून घेतले गेले. ज्यांच्या हाती घरचे लोक दहा रुपये द्यायला तयार नव्हते, त्यांच्याकडे जबाबदारी आली.

बायकांकडे त्यांचे विशेष लक्ष होते. नवऱ्याच्या व्यसनाचा दोष अनेकदा पत्नीलाच दिला जातो. अशा स्त्रियांना बोलता यावे म्हणून 'सहचरी' गट सुरू झाला.

आणि पुन्हा घसरलेला माणूस परत आला, तर त्याला पुन्हा दाखल करून घ्यायचे. ही बाब घरच्यांच्या पचनी पडणे सर्वांत कठीण. पण वैद्यकशास्त्र व्यसनाला पुन्हा उलटणारा आजार मानते. मधुमेहीची साखर पुन्हा वाढली म्हणून डॉक्टर त्याला हाकलत नाहीत.

मग हे 'हार्म रिडक्शन' होते का?

काटेकोर अर्थाने नाही. हार्म रिडक्शन म्हणजे व्यसन लगेच सुटत नसेल तर निदान त्यातून होणारे नुकसान कमी करणे. ॲम्स्टरडॅममध्ये १९८४ पासून इंजेक्शन घेणाऱ्यांना जुन्या सुया बदलून नव्या मिळू लागल्या. भारतातही एचआयव्ही रोखण्यासाठी स्वच्छ सुया आणि हेरॉइनऐवजी देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी हे मार्ग सरकारी कार्यक्रमात आले. एनडीपीएस कायद्यातही २०१४ च्या दुरुस्तीने उपचारासोबत 'व्यवस्थापन' हा शब्द आला. मुक्तांगणचे ध्येय मात्र पूर्ण व्यसनमुक्तीच होते. दोन्ही वाटा एका ठिकाणी मिळतात : व्यसनी आधी रुग्ण आहे आणि त्याच्यासाठी दार बंद करायचे नाही.

सोलापूरसाठी याचा अर्थ काय?

हेरॉइनला पर्यायी गोळी आहे, एमडीला अशी कोणतीही मान्य गोळी नाही. म्हणजे एमडीच्या रुग्णासाठी समुपदेशन, कुटुंबाची साथ आणि दीर्घ पाठपुरावा हाच उपचाराचा गाभा ठरतो. डॉ. अनिता यांनी भर दिला तो याच गोष्टींवर. उपचाराच्या नावाखाली बांधून ठेवणे तर आता बेकायदाच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात आणि हा कायदा रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई करतो.

शेवटची वर्षे

डॉ. अनिता यांना स्तनाचा कर्करोग झाला. उपचार सुरू असतानाही त्यांनी मुक्तांगणचे काम सोडले नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्राची धुरा सांभाळली. गर्दसाठी सुरू झालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले.

घरात कुणाला व्यसनासाठी मदत हवी असल्यास राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर मोफत संपर्क साधता येतो.