लंडनमधील बिऱ्हाड

शिक्षणासाठी गाव सोडून मोठ्या शहरात जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पुस्तकांच्याही आधी राहण्याच्या जागेचा प्रश्न उभा राहतो. खोली मिळेल का, भाडे परवडेल का, आपल्या रीतीचे जेवण मिळेल का, या चिंता त्याला घेरतात. महात्मा गांधींनाही विद्यार्थिदशेत या सर्व चिंतांना तोंड द्यावे लागले होते.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. १८८५ मध्ये त्यांचे वडील निवर्तले. पुढे मोहनदासांनी विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे असे ठरले, तेव्हा खर्चाचा भार थोरले बंधू लक्ष्मीदास यांनी उचलला. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहीन, असे वचन मोहनदासांनी आई पुतळीबाईंना दिले. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो, असे म्हणत मुंबईत ज्ञातीच्या पंचांनी त्यांना वाळीत टाकले. तरीही निश्चय न सोडता, पत्नी कस्तुरबा आणि काही महिन्यांचा मुलगा यांना मागे ठेवून, ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते बोटीवर चढले. तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष चालू होते.

लंडनमध्ये पहिला मुक्काम व्हिक्टोरिया हॉटेलात पडला. तेथील थाटमाट पाहून ते दिपून गेले. पण बिल हाती पडले तेव्हा त्यांना धक्काच बसला. थोड्याशा मुक्कामाचे तीन पौंड झाले होते आणि तेथील अन्न तर त्यांच्या घशाखाली उतरत नव्हते. बोटीवर ओळख झालेल्या एका सिंधी गृहस्थांनी स्वस्तात खोल्या मिळवून दिल्या. मात्र तेथे रात्र झाली की आईची आठवण येई. सारेच परके: माणसे, चालीरीती, घरे. मोहनदासांचे डोळे भरून येत. पण परत फिरणे शक्य नव्हते.

डॉ. प्राणजीवन मेहता यांनी ती खोली पाहून नापसंती दर्शवली. इंग्रजांच्या रीतीभाती शिकायच्या तर एखाद्या कुटुंबात राहावे, असा त्यांचा सल्ला होता. काही काळ मोहनदास रिचमंड येथे एका मित्राकडे राहिले. नंतर वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी त्यांची जेवणासह सोय झाली. त्या घरात दोन मुली होत्या. त्या प्रेमाने पावाचा एखादा तुकडा जास्त वाढत. पण या तरुणाला अख्खा पाव लागतो, हे त्यांच्या ध्यानी येत नसे. अधिक मागण्याचा त्यांना संकोच वाटे, म्हणून ते अर्धपोटी उठत. शाकाहारी खाणावळीच्या शोधात ते रोज दहा-बारा मैल पायपीट करीत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर तशी एक खाणावळ सापडली आणि विलायतेत आल्यावर प्रथमच ते पोटभर जेवले.

मध्यंतरी सभ्य इंग्रज गृहस्थ होण्याची हौस त्यांना लागली. उंची कपडे, नृत्याचे शिक्षण, व्हायोलिन यांवर पैसा खर्च झाला. सुमारे तीन महिन्यांनी ते सावध झाले. आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत, हे त्यांनी मनाशी पक्के केले. पैशापैशाचा हिशेब ते आधीपासूनच लिहीत असत. तो तपासल्यावर खर्च निम्म्यावर आणण्याचे त्यांनी ठरवले.

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कुटुंबात राहिल्याने दर आठवड्याला ठरावीक रक्कम द्यावी लागे, शिवाय घरच्या मंडळींना अधूनमधून बाहेर जेवायला नेण्याचा आणि गाडीभाड्याचा खर्च होई. म्हणून त्यांनी दोन स्वतंत्र खोल्या भाड्याने घेतल्या. कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल, अशा बेताने जागा निवडली. यामुळे गाडीभाडे वाचले आणि रोजच्या आठ-दहा मैलांच्या चालण्याने प्रकृतीही सुधारली.

बॅरिस्टरीच्या अभ्यासाबरोबरच त्यांनी लंडन मॅट्रिक्युलेशनची परीक्षा देण्याचे ठरवले होते. पहिल्या खेपेस लॅटिन विषयात ते अनुत्तीर्ण झाले. दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करताना त्यांच्या मनात बंधूंचा विचार येई. आपण पत्र लिहावे आणि त्यांनी ओढाताण करून पैसे पाठवावेत, हे त्यांना बोचू लागले. त्यांच्याहून कितीतरी गरीब विद्यार्थी लंडनमध्ये राहत होते. एक जण तर गरीब वस्तीत आठवड्याला दोन शिलिंग भाड्याच्या खोलीत राहून कोको आणि पावावर भूक भागवी.

मोहनदासांनी दोन खोल्या सोडून एकच खोली घेतली आणि एक शेगडी विकत आणली. सकाळी ओटची लापशी आणि कोको करायला वीस मिनिटे पुरत. दुपारचे जेवण बाहेर, रात्री घरी पाव आणि कोको. अशा रीतीने दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला. त्या काळी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई. म्हणजे हॉटेलच्या त्या तीन पौंडांत आता अठ्ठेचाळीस दिवस निघू शकत होते. वेळ वाचला, अभ्यास वाढला आणि जून १८९० मध्ये ते मॅट्रिक्युलेशन उत्तीर्ण झाले.

१० जून १८९१ रोजी त्यांना बॅरिस्टरची सनद मिळाली. १२ जूनला ते मायदेशी निघाले. आईला दिलेले वचन त्यांनी पाळले होते. परंतु ते सांगायला आई राहिली नव्हती. तिच्या निधनाची वार्ता त्यांना परतल्यावरच कळली.

पुढे भारतात येऊ इच्छिणाऱ्या नव्हे, तर भारतातून लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी एक मार्गदर्शिका लिहून काढली. आठवड्याला एक पौंडात तेथे नीट राहता येते, हे त्यांनी तीत खर्चाच्या तपशिलासह दाखवले. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे ते साध्या कुटीत राहू लागले, तेव्हा देशातील थोर नेते त्या कुटीत येऊन बसत. गरजेपुरतेच घ्यावे आणि घेतल्याचा हिशेब ठेवावा, हा त्यांचा नेम लंडनच्या त्या एका खोलीत पक्का झाला होता.