बर्फाखालून परत आलेला मास्तर

माथियास झ्दार्स्की हे नाव ऑस्ट्रियात स्कीइंग करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र भावली ती त्याची चिकाटी.

जन्म १८५६चा, मोराव्हियातला. लहानपणीच अपघातात एक डोळा गेला. शिक्षकाची नोकरी केली, चित्रं काढली आणि १८८९ साली लिलिएनफेल्डजवळच्या डोंगरात एका शेतघरात जाऊन राहिला. नान्सेनची ग्रीनलंडची सफर वाचून त्यानं नॉर्वेहून स्की मागवल्या. त्या लांबलचक, आल्प्सच्या उभ्या उतारावर काही वळेनात. यानं त्या आखूड केल्या, पाय अडकवायची बांधणी नवी बनवली आणि १८९६ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. हजारो लोकांना शिकवलं.

पहिल्या महायुद्धात तो सैनिकांना पहाडातले धोके शिकवत होता. २८ फेब्रुवारी १९१६ रोजी बर्फात गाडल्या गेलेल्यांना सोडवायला गेला आणि दुसरा हिमलोट त्याच्याच अंगावर आला. नुकतीच साठी ओलांडलेली, आणि शरीरात ऐंशीच्या आसपास मोडतोड! आपला जिन्यात पाय मुरगळला तरी आठवडाभर घर डोक्यावर घेतो आपण. हा स्वतःच व्यायाम शोधून पुन्हा चालायला लागला, पुन्हा स्कीवर उभा राहिला. १९२९ मध्ये त्यानं हिमलोटांवर पुस्तक काढलं.

मैत्रिणींनो, डोंगरावरचा बर्फ चिरोट्यासारखा असतो, पदरावर पदर. मधला एखादा पदर भुसभुशीत राहतो, त्यावर वारा बर्फाची घट्ट फळी रचतो. वरून सगळं कसं गुळगुळीत, देखणं! उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, की एका माणसाच्या वजनानंही ती फळी सुटते. पायाखाली धप्प आवाज, पळत जाणारी भेग, नुकताच झालेला मोठा हिमवर्षाव, जोराचा वारा, एकाएकी वाढलेली ऊब, ही सगळी धोक्याची चिन्हं. जाणकार खड्डा खणून पदर तपासतात आणि शंका आली की सरळ माघारी फिरतात.

२०१६च्या फेब्रुवारीत सियाचिनमध्ये आपले दहा जवान असेच गाडले गेले, त्यात एक साताऱ्याचा होता. झ्दार्स्कीच्या त्या अपघाताला तेव्हा बरोबर शंभर वर्षं होत होती.

तो स्वतः १९४० मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेला.